फळ्यावरचे तीन दिवस

कॉलेजच्या पायऱ्या चढून पोर्चमध्ये आलं की उजव्या हाताला भिंतीतच घडवलेला सिमेंटचा काळा फळा होता. मी दोन्ही हात पसरले तरी पुरायचे नाहीत इतका रुंद. मधोमध पांढऱ्या ऑइलपेंटची उभी रेघ. रेघेच्या डावीकडे वर पक्क्या रंगात लिहिलेलं, 'आगामी कार्यक्रम'. उजवीकडे, 'आपल्या माणसांच्या वार्ता'. खालची सगळी जागा रोज खडूनं भरायची असे, आणि पहिल्या वर्षाच्या दिवाळीपासून ती मी भरत होते.

मी उंद्रीकडची. घरी भाजीपाला. वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, ज्याला बाकीचे लोक कोथिंबीर म्हणतात. बाजारात जाणाऱ्या कट्ट्यांवर, म्हणजे तागाच्या पोत्यांवर, आमच्या घराची खूण रंगवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. टोक ठेचलेली काडी लाल रंगात बुडवायची आणि खरखरीत पोत्यावर सरळ अक्षर काढायचं. रंग ओघळू द्यायचा नाही. पोत्यावर ज्याला लिहिता येतं त्याला सिमेंटवर लिहिणं काय जड? आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना मान खाली घालत नाही.

मराठीच्या सरांनी एकदा माझी वही पाहिली आणि विचारलं, "फळ्यावर लिहिशील का?"

"रोज?"

"रोज. पण माझ्या चिठ्ठीशिवाय एक अक्षर नाही."

सर सकाळी खिशातून चिठ्ठी काढून द्यायचे. डावीकडे वक्तृत्व स्पर्धा, रक्तदान, परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख, शेजारच्या खेड्यातलं श्रमदान शिबिर. उजवीकडे अमुक वर्षाची विद्यार्थिनी नर्स झाली, तमुक पोलीस भरतीत लागला, कोणा प्राध्यापकांकडे मुलीचं लग्न. आणि मृत्यू. गावातली माणसंसुद्धा पाणी प्यायच्या निमित्तानं आत येऊन उजवी बाजू वाचून जायची. एसटी चुकलेली माणसं तर हमखास. त्यांच्यासाठी मी अक्षर जरा मोठं काढायचे.

मृत्यूच्या बातमीला तेवढी चौकट असायची. पांढऱ्या खडूच्या दोन सरळ रेघांची. फळ्यावर बाकी कशालाही चौकट नाही, ही सरांची शिस्त.

फळा पुसायचं काम मावशींचं. सगळं कॉलेज त्यांना मावशीच म्हणायचं, प्राचार्यसुद्धा. त्या ठेकेदाराच्या माणसांत होत्या, कॉलेजच्या मस्टरवर त्यांचं नाव नव्हतं. शेवटचा तास संपला की ओलं फडकं घेऊन यायच्या आणि वरपासून खालपर्यंत, न थांबता, पोतेरं फिरवल्यासारखा फळा पुसून टाकायच्या. वाचता येत नव्हतं. पण चौकट ओळखायच्या. चौकट दिसली की फडकं तिच्या कडेकडेनं जायचं आणि ती बातमी काळ्या फळ्यावर बेटासारखी उरायची.

पहिल्यांदा मला हे माहीत नव्हतं. निवृत्त झालेल्या एका क्लार्कची बातमी होती, आणि दुसऱ्या दिवशी भरतीत लागलेल्या पाच मुलांची यादी आली. जागा नव्हती. मी डस्टर उचललं तर मागून आवाज आला.

"राहू दे व माय."

"मावशी, जागा नाही ना."

"मंग ते पोट्टे बारीक लिही. ते काई पळून नाई चालले. मानूस जाऊन दोन दिस नाई झाले. राख गरम हाय अजून."

"मग कधी पुसायचं?"

"तिसऱ्या दिशी. राख सावडली का मंग. मी पुसतो."

तिसऱ्या दिवशी त्या सकाळीच आल्या. नेहमीचं फडकं नव्हतं. धुऊन वाळवलेलं वेगळं होतं. फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "वाच."

"कशाला? तुम्हाला तर माहीत आहे कोण गेलं ते."

"तू वाच. कानावर न घेता कसं पुसू?"

मी वाचलं. त्यांनी बातमीला हात लावला, तो कपाळाला नेला, आधी अक्षरं पुसली आणि मग चौकट. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. कुठल्या परिपत्रकात नव्हतं. पण प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळे ते मानायचे, कारण फडकं मावशींच्या हातात होतं.

त्यानंतर दोन वर्षांत असे किती जण आम्ही दोघींनी तिसऱ्या दिवशी पुसले. मी वाचायचे, त्या ऐकायच्या. एकदा मी अडखळत वाचलं तर म्हणाल्या, "नीट वाच बे. तो काय तुह्या वर्गातला हाय का, घाई कराले?"

मी शेवटच्या वर्षाला असताना मावशींचा नवरा गेला.

सकाळी गेटवरच शिपाईदादांनी सांगितलं. रात्री गेला, छातीचंच होतं, बारा वर्षं खोकत होता. कॉलेजची इमारत झाली तेव्हा तो इथे गिट्टी फोडायला होता. पोर्चसमोरचे कडुनिंब त्याने विहिरीचं पाणी डोक्यावर आणून जगवले, हेही दादांनीच सांगितलं. दोन वर्षं त्या सावलीत डबा खाऊन मला ते माहीत नव्हतं.

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "वाईट झालं." आणि टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मी चिठ्ठीसाठी हात पुढे केलेला होता.

"आपण कायम कर्मचाऱ्यांचं लिहितो," सर म्हणाले. "विद्यार्थी, माजी विद्यार्थी, त्यांचे जवळचे नातेवाईक. ठेकेदाराच्या माणसांचं आजवर लिहिलेलं नाही."

"सर, मावशी आहेत त्या."

"माहीत आहे मला कोण आहेत ते." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "लहान लिही. खाली, कोपऱ्यात."

चिठ्ठीत होतं, 'आपल्या मावशींचे पती यांचे दुःखद निधन झाले. भावपूर्ण श्रद्धांजली.' नाव नव्हतं. सरांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि मला विचारावंसं वाटलं नाही. ही माझी पहिली चूक, आणि ती सरांच्या माथी मारता येत नाही. शिपाईदादा गेटवरच बसलेले होते. चाळीस पावलं चालून विचारून येता आलं असतं.

मी उजव्या कोपऱ्यात लिहिलं आणि चौकट काढली. त्या दिवशी दुपारी दोन मुलांनी बातमी वाचली. एक म्हणाला, "सुट्टी नाही का बे?" दुसरा म्हणाला, "ठेक्यावाल्याची सुट्टी नसते."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी बोलावलं. उद्या पदवी वितरण होतं. विद्यापीठातून मोठे पाहुणे येणार होते, मागच्या मैदानात मांडव पडला होता. आठ दिवस डावीकडे मी तीच सूचना लिहीत होते. पदवीधारकांनी पालकांसह उपस्थित राहावे, सकाळी अकरा.

"आज पूर्ण फळा घे," सर म्हणाले. "दोन्ही बाजू. स्वागत लिही, रंगीत. प्राचार्यांनी खास सांगितलंय. तुझंच अक्षर पाहिजे म्हणाले."

"सर, ती कोपऱ्यातली बातमी?"

"पाहुणे त्याच पायऱ्यांवरून येणार. आल्या आल्या समोर दुखवटा, बरं दिसतं का?"

"मावशी तीन दिवस ठेवतात सर."

"ठेवतात. तो नियम आहे का?"

मी म्हणायला पाहिजे होतं की आहे. दोन वर्षं सगळ्यांसाठी होता. क्लार्कसाठी होता, एका प्राध्यापकांच्या सासऱ्यांसाठी होता, ज्यांनी हे कॉलेज कधी पाहिलंही नसेल. मी म्हटलं नाही. कारण खरं सांगायचं तर मला तो पूर्ण फळा हवा होता. रंगीत खडूंचा डबा कपाटातून पहिल्यांदा माझ्या हातात येणार होता. पाहुण्यांचे फोटो त्या फळ्यासमोर निघणार होते. सर म्हणाले होते, खाली बारीक अक्षरात तुझं नावही टाक. उंद्रीकडच्या भाजीवाल्याच्या पोरीचं नाव. मला कोणी ढकललं नाही. मी स्वतः डस्टर उचललं. कोपऱ्यातली बातमी डस्टरच्या दोन हातांत पुसली गेली, वाचायला कोणी नव्हतं आणि ऐकायलाही.

शेवटच्या गाडीपर्यंत मी लिहीत बसले. वर मधोमध पाहुण्यांचं नाव, वीतभर उंचीचं, लाल आणि पिवळ्या छायेचं. खाली 'यांचे मनःपूर्वक स्वागत'. आणि कडेनं लग्नपत्रिकेवर असते तशी वेल, हिरवी पानं, प्रत्येक पानात पांढरी शीर. चौकट करायची नाही हे मला ठाऊक होतं. पण मला वाटलं, ती दोन रेघांची चौकट वेगळी आणि ही वेल वेगळी. शिकलेल्या माणसाला वेगळी दिसत होती.

सकाळी पहिल्या गाडीनं आले. साडेनऊ झाले होते. सगळे मागच्या मांडवात होते, लाऊडस्पीकरवर कोणी तरी 'हॅलो, हॅलो, एक, दोन' करत होतं. मी पोर्चमध्ये रांगोळीचा शेवटचा हात फिरवत होते. मान वर केली तर मावशी पायऱ्या चढून येत होत्या.

कपाळ मोकळं होतं. पाय धुळीनं भरलेले, पातळाचा काठ ओला. राख सावडून थेट आल्या होत्या. नात्यातल्या दोन बाया खाली झाडाशी थांबल्या होत्या, त्याच कडुनिंबाशी. मावशींच्या हातात घडी केलेलं, धुऊन पिळलेलं ओलं फडकं होतं.

त्या फळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या.

"येवढं मोठं लिहिलं व माय," त्या म्हणाल्या. "मले वाटलं कुठी कोपऱ्यात असन."

मी उठून उभी राहिले. बोटांना रांगोळी लागलेली होती.

"आन् रंग भी भरला. पानं काढले." त्यांनी वेलीकडे बोट केलं, स्पर्श न करता, ती जाते तशी चारी बाजूंनी फिरवलं. "कोनाले नाई काढले असे. ह्याले काढले."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मावशी, हे तुमचं नाही. चार शब्द. आठवीपासून वक्तृत्वात बक्षिसं घेतलेल्या पोरीला चार शब्द.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी फळ्याकडे तोंड केलं आणि वाचलं. समोर स्वागत होतं आणि मी वाचलं, "आपल्या मावशींचे पती यांचे दुःखद निधन झाले. भावपूर्ण श्रद्धांजली." नीट वाचलं. अडखळले नाही.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाव नाई टाकलं?"

"टाकलं ना. ते वरचं मोठं."

"ते?"

"हो, तेच नाव आहे."

मावशींनी टाचा उचलून त्या लाल-पिवळ्या अक्षरांवर तळहात टेकवला. बराच वेळ तो तिथेच होता. मग कपाळाला नेला. खडूचा पिवळा रंग कपाळावर लागला, जिथे परवापर्यंत कुंकू होतं. त्यांना ते कळलं नाही.

"पुसू?" त्यांनी विचारलं. एरवी त्या कधी विचारत नसत.

"पुसा मावशी."

आधी अक्षरं पुसली. मग वेल. पाहुणे यायला तास होता.

मी तसं का म्हटलं, दयेनं की भीतीनं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लोक म्हणतील दया. पण मला आठवतं, त्या क्षणी मला फक्त एवढं हवं होतं की त्यांनी माझ्याकडे तशा नजरेनं बघू नये, जशी नजर खरं कळल्यावर येते.

त्या खाली उतरल्या. जाताना म्हणाल्या, "तुहं भलं होईन."

दहा मिनिटांनी सर आले. ओला, काळा, रिकामा फळा. सर नेहमी पुस्तकी बोलायचे, पण त्या दिवशी त्यांची घरची भाषा बाहेर आली. "हे काय करून ठेवलं? कोनं पुसलं बे हे?"

"मी."

"काऊन?"

"अक्षर चुकलं होतं सर."

"अन् आता? आता काय दाखवू मी प्राचार्याले?"

मी पुन्हा लिहिलं. ओल्या सिमेंटवर खडू धरत नाही, हे कट्ट्यावर लिहिणाऱ्या पोरीला माहीत असायला हवं होतं. अक्षरं फिकट, फुटकी आली. वेलीला वेळच नव्हता. पाहुणे आले, पुष्पगुच्छ घेतला, कानाला फोन लावून पायऱ्या चढले आणि फळ्याकडे न बघता मागच्या मांडवाकडे गेले. पुढच्या सोमवारी सरांनी चिठ्ठी दुसऱ्या मुलीच्या हातात दिली. मला ती शिक्षा वाटली नाही, थोडी हलकीच झाले. पण तो हलकेपणाही खोटा होता, कारण सर ज्यासाठी रागावले होते ते मी केलंच नव्हतं.

मावशी तेरवी करून कामावर आल्या त्या दिवशी माझ्यासाठी डब्यात पुरणपोळी होती. लायब्ररीच्या पायरीवर बसवून त्यांनी ती मला खाऊ घातली. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं, "ह्या पोरीनं लिहिलं होतं माह्या मालकाचं. येवढं मोठं. रंगानं." ज्यांनी तो फळा पाहिला होता त्यांना वाटलं, म्हातारीचं दुःखानं काही तरी चाललंय. ते मान हलवून पुढे गेले. मी पोळी गिळत होते.

पुढच्या वर्षी माझं पदवी वितरण झालं. आई-बाबा आले होते. बाबा मांडवात आधीपासून मागच्या रांगेत बसले होते, पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही. माझं नाव पुकारलं तेव्हा ते उभे राहिले आणि सगळे बसल्यावरही उभेच होते. माझ्या आयुष्यात त्याहून मोठा दिवस नाही, हे मी आजही म्हणते. कार्यक्रम संपल्यावर आईला घेऊन मी पोर्चमध्ये आले तर मावशींनी तिला हाताला धरून फळ्यासमोर नेलं.

"अठी लिहिलं होतं तुह्या लेकीनं. पानं काढून. राजाचं लिहिते ना, तसं."

एसटीत आई मला म्हणाली, "पदवीच्या कागदापक्षा मले हेच मोठं वाटलं." मी खिडकीकडे तोंड केलं. कागद माझ्या मांडीवर होता.

त्यानंतर मी बी.एड. केलं. आता नांदुऱ्याकडे एका शाळेत मराठी शिकवते. मुलं फळ्याजवळ आली की मी त्यांना सांगते, जे लिहिलंय तेच वाचा, मनचं वाचू नका. दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी एकदा तरी त्या सकाळचा पोर्च डोळ्यांपुढे येतो.

कॉलेजचा आता मोबाईलवर ग्रुप आहे. आगामी कार्यक्रम, निकाल, नोकऱ्या, वाढदिवस, निधन, सगळं तिथेच. मागच्या हिवाळ्यात सरांच्या जाण्याची बातमी आली. एकाखाली एक हात जोडलेली चित्रं पडत गेली, आणि मग कोणी तरी माजी विद्यार्थी मेळाव्याची सूचना टाकली, त्याखाली अंगठे. अर्ध्या तासात सर वर सरकून दिसेनासे झाले. मी बोटानं खाली ओढून त्यांना परत आणलं. ते पुन्हा वर गेले. ज्या माणसानं मला फळा दिला त्याला तीन तासही मिळाले नाहीत, हे माझ्या मनात बसलं.

आणि मावशींच्या माणसाचे तीन दिवस तर मीच मोडले होते. मेळाव्याला मी गेले ते त्यांना खरं सांगायलाच. फराळ, भाषणं, जुने फोटो, ते सगळं झालं. संपल्यावर मी कॉलेजच्या मागच्या वस्तीत मावशींचं घर विचारत गेले. त्या दारात बसून मेथी निवडत होत्या. नजर कमी झालेली होती, पण आवाजावरून ओळखलं.

"फळ्यावाली का व तू?"

मी शेजारी बसले, मेथीची एक जुडी उचलली आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी कोपऱ्यात लहान लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मीच पुसलं. तुम्ही पुसलं ते पाहुण्यांचं स्वागत होतं. मी वाचलं ते खोटं वाचलं.

त्यांचा हात चालूच होता. पान वेगळं, काडी वेगळी. त्यांची सून आतून चहा घेऊन आली, ठेवून गेली.

"म्हंजे येकच दिवस होतं?" अखेर त्या म्हणाल्या.

"एक दिवस. आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत."

"आन् ते वरचं मोठं? म्या हात लावला ते?"

"ते पाहुण्यांचं नाव होतं."

त्या एकदम थांबल्या. "तो जिता हाय का?"

"हो मावशी. परवा पेपरात फोटो होता त्यांचा."

"बरं झालं माय." त्यांनी श्वास सोडला. "जित्या माणसाचं पुसलं म्या, सावडून आलेल्या हातानं."

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही. चहा गार झाला. बऱ्याच वेळानं त्यांनी मेथीचं ताट बाजूला सरकवलं.

"तवाच सांगतलं असतं तर म्या तुले खाल्लं असतं का?"

"नाही."

"मंग?"

मी खाली पडलेल्या काड्या गोळा करत राहिले.

"दोन दिस राह्यले मंग त्याचे," त्या म्हणाल्या. रागानं नाही. मेथीच्या किती जुड्या राहिल्या ते सांगावं तशा.

मी विचारलं, "त्यांचं नाव काय होतं मावशी?" इतक्या वर्षांनी, आत्ता. त्यांनी सुनेला हाक मारायला तोंड उघडलं, बायका तसंच करतात, नवऱ्याचं नाव दुसऱ्याकडून सांगवतात. मग तोंड मिटलं.

"आता काय त्याचं. गेला तो," त्या म्हणाल्या आणि नाव स्वतः घेतलं. आडनावासकट, बापाच्या नावासकट. घेताना पदर डोक्यावर ओढला.

ते नाव मी इथे लिहीत नाही. कुठे लिहायचं ते ठरलेलं होतं.

पोर्चमधला फळा अजून आहे. त्याच्या वर आता मोठा टीव्ही लावलाय, त्यावर सूचना आपोआप सरकत राहतात. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात परवानगी मागायला गेले. खुर्चीवरचा तरुण माणूस नम्रपणे म्हणाला, "लिहा ना मॅडम. दोन दिवस कशाला, महिनाभर राहू द्या. तिकडे कोणी बघत नाही."

"दोनच दिवस," मी म्हटलं.

खडू माझ्या पर्समध्ये होताच, शाळेतला, पांढरा. फळा कोरड्या कपड्यानं झटकला. उजव्या बाजूला, कोपऱ्यात नाही, मधोमध, त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं की या इमारतीची गिट्टी त्यांनी फोडली आणि पोर्चसमोरचे कडुनिंब त्यांनी जगवले. कोणाचे पती हे त्यानंतर लिहिलं, मावशींच्या नावानं. तेही मी आदल्या दिवशी विचारून घेतलं होतं. मग पट्टी धरून दोन सरळ रेघांची चौकट काढली. पट्टी घसरली, एक कोपरा जुळला नाही. तसाच राहू दिला.

त्या दोन दिवसांत कोणी वाचलं का, मला माहीत नाही. पहिल्या दिवशी एक मुलगी टीव्हीकडे बघता बघता खाली बघून थांबली, मग मागे वळून कडुनिंबाकडे पाहिलं आणि वर्गात गेली. एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आल्या, सुनेच्या आधारानं, एकेक पायरी चढत. कॅरीबॅगमधून धुतलेलं फडकं काढलं. फळ्याच्या इतक्या जवळ गेल्या की नाक लागेल. चौकट बोटानं चाचपली, न जुळलेल्या कोपऱ्यापाशी बोट थांबलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "लिहिलं हाय तेच वाच."

मी वाचलं. एकेका शब्दाखाली बोट धरून. माझ्या बोटामागून त्यांचा हात प्रत्येक शब्दावर टेकत गेला. नाव आलं तेव्हा म्हणाल्या, "पुन्हा." मी पुन्हा वाचलं.

मग त्यांनी अक्षरं पुसली. उंच हात पोचत नव्हता तिथे सुनेनं कोपर धरलं. नुसती चौकट उरली तेव्हा त्या मागे सरल्या, फडकं घडी घालून माझ्या हातात दिलं आणि पायरीवर बसल्या.

"ते तू पूस," त्या म्हणाल्या. "मी थकली."

मी पुसली. त्या तोवर समोरच्या कडुनिंबांकडे बघत होत्या. सून म्हणाली, चला आत्या, ऊन उतरलं. मी फडकं परत द्यायला गेले तर मावशींनी ते कॅरीबॅगमध्ये टाकलं, बॅगेला गाठ मारली आणि उठायला माझा हात मागितला.